खाम सोल पार्टीची रविवारची खोली

खटक्-खट, मग श्वासभर उसंत, मग खटक्. जुन्या शहरात मजीदच्या अब्बांचा हिमरूचा माग असा चालायचा. धोटा परत येताना किंचित रेंगाळायचा. शाळा सुटली की मी आणि मजीद त्या मागाशेजारी बसून पुस्तकातल्या कविता त्याच ठेक्यावर म्हणायचो. तो आवाज अजून कानात आहे, म्हणजे स्मरणशक्ती शाबूत आहे असं समजावं.

तर मी, गोकुळ सांडू वाघचौरे, वय ७४, धंदा मोटार वाइंडिंग (आता बंद), राहणार औरंगपुरा, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या धाकानं किंवा भिडेनं नव्हे, आपल्या खुशीनं पाठीमागची व्यवस्था लावून ठेवतो. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. कविता पुष्कळ केल्या, त्या यात धरू नयेत.

कलम १. दुकान व वरचं घर ही माझी स्वकष्टार्जित मिळकत. ती मुलगा सुदर्शन याला मिळावी. अट एकच: दुकानाची खोली दर रविवारी खाम सोल पार्टीला मोकळी असावी.

ही पार्टी म्हणजे आमच्या खाम नदीच्या नावाचा वाद्यवृंद; तिचा खुलासा नातवंडांसाठी करतो. अजिंठ्याहून परतलेल्या एका परदेशी पाहुण्याचा रेकॉर्ड प्लेअर मी दुरुस्त केला. त्यानं खूश होऊन दोन तबकड्या भेट दिल्या. अमेरिकेतल्या काळ्या गवयांचं ते फंक अन् सोल ऐकून मजीद म्हणाला, "गोकुळ, ये तो अब्बा का माग है रे." त्यानं ड्रम धरला, मी बेस गिटार, आणि लग्नाच्या बँडमधला फकिरा ट्रम्पेट घेऊन आला. गाणी माझी. "ऊन उतरले कौलांवरुनी, शेळ्या परतल्या गावा" यावर लोक जागेवर डुलायचे. फकिरा म्हणायचा, "शेळ्या आल्या, आता तुझा बेसपण घरी आण." पुढं संसार आले, पार्टी थांबली. म्हातारपणी दर रविवारी दुकानात पुन्हा जमू लागलो.

कलम २. वाइंडिंगचं मशीन, सोल्डरिंगचं सामान शेजारच्या कचरूला द्यावं. माझा मल्टिमीटर त्यानं आधीच नेलेला आहे. तोही त्याचाच समजावा, म्हणजे रस्त्यात मला पाहून त्याला गल्ली बदलावी लागणार नाही.

कलम ३. मुदत ठेवीतली अर्धी रक्कम नात सायली हिला. उरलेल्या अर्ध्यात आमचा अल्बम पुन्हा रेकॉर्ड करावा.

'परतलेलं ऊन' हा आमचा अल्बम गेल्या वर्षी निघाला, इतक्या वर्षांनी. लई आशा होती. पहिल्यांदा ऐकवायला हॉल घेतला, तर लोक तिसऱ्या गाण्यालाच उठून जेवणाकडं, मटणाच्या नान-खलियाकडं गेले. नान-खलिया गाजला. स्टुडिओत आम्हाला वेगवेगळ्या दिवशी, एकेकट्याला काचेच्या खोलीत बसवलं होतं, कानात टिकटिक लावून. आम्ही आयुष्यभर मजीदच्या पायाकडं बघत वाजवलेलं. वर स्टुडिओतल्या पोरानं कॉम्प्युटरवर मजीदचा रेंगाळणारा ठेका सरळ करून टाकला. त्याला वाटलं, म्हातारा चुकतोय. मजीदनं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "ये मैं नहीं हूँ. माझा कुणी नातेवाईक असंल." त्याच दिवशी त्यानं ड्रमच्या काठ्या माळ्यावर टाकल्या. तीनदा निरोप धाडला, उत्तर नाय.

हे कलम सायलीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही गेल्यावर रेकॉर्ड करायचं, तर बेस कोण वाजवणार? बाबा?" सुदर्शनला टाळीसुद्धा सम साधून वाजवता येत नाही. सबब कलम ३ चा उत्तरार्ध रद्द. तो खर्च मी जिवंतपणीच करीन. तिघं एका खोलीत, टिकटिकीशिवाय. मात्र मजीद आला तरच. दुसरा ड्रमवाला लावू नये.

कलम ४. मजीदची तक्रार होती, "शायरी कम कर, बेस बजा." ती मला मान्य नाही. तरीही प्रत्येक गाण्यातलं एक कडवं कमी करायला मी तयार आहे, हे त्याला कुणीतरी कळवावं.

कलम ५. स्टुडिओतल्या पोरावर राग नाही. त्यानं माग कधी ऐकलेला नाही.

कलम ६. मला पोचवताना नवा अल्बम लावू नये.

कलम ७. फकिराला काही ठेवलेलं नाही, कारण त्याला साक्षीदार करायचं आहे, आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये म्हणतात. तो म्हणाला, "व्हय, आयुष्यभर तेच केलं."

लिहून देणार: गोकुळ सांडू वाघचौरे (सही)

साक्षीदार:
१. आप्पासाहेब, औषध दुकानदार, औरंगपुरा (सही)
२. फकिरा, ट्रम्पेटवादक, मूळ करमाड (सही)

छत्रपती संभाजीनगर, १४ डिसेंबर २०२५

ता. क. फकिराची सही वाळायच्या आत दार वाजलं. बघतो तर शमशादभाभी, मजीदची बायको. पार्टीला ती उभा जन्म सवत म्हणत आली, आमचा जिना कधी चढली नव्हती. कडेवर लेकरू घ्यावं तसा ड्रम घेतलेला.

"भाईसाब, सरका," ती म्हणाली. "वर्षभर घरात कुकरची झाकणं बडवतायत. मेरा सर फट गया. संभाळा आता तुमचं तुम्ही. वो नीचे खड़े हैं, रिक्षावाल्याशी भांडतायत."