माझा चौकोन उसवलास ना?

श्वेता,

"बाळ्या, तू विणलेला चौकोन वृद्धाश्रमाच्या ब्लँकेटला लागला तर मी मिशी काढेन," असं समोरचा देवव्रत म्हणाला आणि मी पैज घेतली. हरलो तर भर दुपारी माकडटोपी आणि स्वेटर घालून सोसायटीच्या गेटवर हार ओरडून कबूल करायची.

महिनाभर सुया घेऊन झटलो. चौकोन एका बाजूला फुगला, टाका सुटून भोक पडलं, पण विणून पुरा केला. काल तुमच्या विणकाम मंडळाच्या सुहासिनीताईंनी तो ब्लँकेटात जोडायला पास केला, तेव्हा मी जिन्यात नाचलो.

आज तुमच्या मंडळाच्या चौकोनांच्या ढिगात बघतो तर माझ्या पिवळ्या लोकरीचा चौकोन एकदम झकास, भोक गायब! तूच उसवून परत विणलास ना? मला जिंकवायला केलं, असं सांगू नकोस. मी भांडी घासली की तू परत घासतेस, मी चादर घातली की परत घालतेस. तेव्हा हसण्यावारी नेलं. आता डोकं सणकलंय माझं. म्हाताऱ्यांना ते भोक चाललं असतं गं, तुलाच नाही चाललं.

अशी फुकटची मिशी मला नको. टोपी, स्वेटर घालून खाली चाललोय. आमटीत मीठ बरोबर आहे, हात लावू नकोस.

गॅलरीत ये. घामाने निथळत, वॉचमनसकट सगळ्यांसमोर ओरडतोय तो मीच: "देवव्रतशेठ जिंकले! माझा चौकोन बायकोने विणलाय!"

बाळ