न गंजणाऱ्या जीपचे फोड

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप मुंजाबामामांस अंगदचा साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, मामीचा खोकला आणि पिशोरची मका या तिन्हींची तब्येत बरी असेल. (फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून पत्र.) आम्ही इथं बरे आहोत. जीप बरी नाही.

दोन वर्षांमागं ती माझ्या हवाली करताना तुम्ही बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतात, "भाच्या, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाय. जन्मात गंजायचा नाय." शब्द खरा ठरला, मामा. गंज तांबडा असतो, हिला निघालं ते पांढरं. दारांवरच्या रंगाला गोवर आल्यासारखे फोड आले आणि फोड खरवडला की आत पांढरी भुकटी. सुरेखा म्हणाली, रंग तरी मारून घ्या. (त्याआधी ती "परत नेऊन द्या" असंही म्हणाली होती, पण नवऱ्यानं बायकोचं थोडं थोडंच ऐकावं.)

रशीदभाई पेंटर आले. त्यांनी खिशातून चुंबक काढून दाराला लावलं, ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. "मियाँ, ये लोहा हैच नहीं, तो जंग कायका?" असा निकाल देऊन त्यांनी फोड घासले, पुट्टी भरली आणि लोखंडाला मारतात तोच प्रायमर मारून वर हिरवा रंग चढवला. चुंबकाची बातमी मात्र गल्लीभर झाली. आठवडाभर लोक फ्रिजवरची चुंबकं आणून लावून बघत होते. (शेजारच्या राजेंद्ररावांनी तर गाडी प्लास्टिकची असल्याचं जाहीरच करून टाकलं.) चार महिन्यांत हिरव्या रंगाला हिरवे फोड आले. रशीदभाईंनी ते पाहिले, "तुम्हारे मोहल्ले का पानीच खराब है" म्हणाले, आणि गेले.

याच गाडीपायी माझ्या लेकीचं, प्रांजलीचं, लग्न मोडायची वेळ आली. करमाडचे बन्सीभाऊ मुलाला, प्रणयला, घेऊन तिला बघायला आले होते. चहा होईपर्यंत मी बन्सीभाऊंना अंगणात आणलं. ते जीपला टेकले आणि मानपानाचं बोलता बोलता त्यांचं नख एका फोडाखाली गेलं. मग दुसऱ्या. बघता बघता भाकरीएवढा पापुद्रा त्यांच्या हातात! तेवढ्यात प्रांजली चहा घेऊन आली आणि भावी सासऱ्याला म्हणाली, "काका, खालून ओढा, सबंध निघतंय." झालं, म्हटलं, गेलं स्थळ.

तर हा माणूस हसायलाच लागला! तीस वर्षं त्यांनी बसच्या बॉडी बांधल्यात. चहा राहिला बाजूला, ते बिजागरीपर्यंत सोलत गेले आणि गरजले, "हे लोखंडी स्क्रू कोणत्या गाढवानं पिळले?" ओल धरली की लोखंडाला लागून असलेलं अ‍ॅल्युमिनियम झिजतं म्हणे, मधे रबराची चकती लागते, आणि प्रायमरही वेगळाच लागतो. मामा, ते स्क्रू कुणी पिळले हे मला ठाऊक आहे. मी बोललो नाही. माझ्या आजोळचा प्रश्न होता.

"पोरीला पत्र्याची जाण हाय," म्हणून बन्सीभाऊंनी तिथंच होकार दिला. प्रांजली म्हणाली, मी अजून मुलाशी एक शब्द बोलले नाही, सगळं त्याच्या वडिलांशीच झालं. मग दोघं दोन रविवार बोलले, आणि तिनंही हो म्हटलं.

पण गाडी ती गाडीच. आज इथं फोड, उद्या तिथं भुकटी. शहाण्या माणसानं हिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. मामीस नमस्कार.

आपला त्रासलेला भाचा,
अंगद

ता.क. साखरपुडा पंचवीस तारखेला करमाडला. तुम्ही दोघांनी दोन दिवस आधीच यावं.

ता.क. दुसरा. जीप अजून तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही माऊली पाटलाशी तिचा सौदा करताय असं कानावर आलं. त्याला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवा, माझ्या सहीपर्यंत. हे पुढचं नको. बन्सीभाऊंनी डावं दार उघड्या पत्र्यापर्यंत घासून असं लख्ख केलंय की मी त्यात बघून भांग पाडतो. येताना कागद आणा आणि माझ्या नावावर सही करा. मामा, पाया पडतो, पण गाडी मी देणार नाही.