सरावलीच्या आभाळातले तीन दिवे

११ फेब्रुवारी, बुधवार

हे गच्चीवरून उतरले आणि पुन्हा तेच. पूर्वेला, गंजाडच्या बाजूला, आभाळात तीन लाल दिवे. एकाच जागी उभे. मग हळूहळू उतरून झाडीत गडप. "विमान नव्हे. विमान थांबत नाही." मी पोळ्या लाटत होते. नुसतं हं म्हटलं.

दिवाळीत झटका येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारायला सांगितल्यात. उजवा हात अजून जड, पण चाल सुधारली. सगळं मार्गी लागत होतं, त्यात आता हे दिवे.

१२ फेब्रु.

मंदारचा फोन, वापीहून. दिव्यांचं सांगायचं नव्हतं, सांगून बसले. मग म्हणाला, "आई, झटक्यानंतर भास होतात काही जणांना. विसरायलाही लागतात. वलसाडला मोठे डॉक्टर आहेत, मी नंबर लावतो." आणि लगेच, "तुम्ही दोघं इकडेच या ना राहायला. तिथं एकटं नको आता."

हे शेजारीच बसले होते. पलीकडचं बोलणं ऐकू गेलं नसणार, पण माझं तोंड दिसत होतं. उठून आत गेले.

मुलगा विचारतो, काळजी करतो. किती जणींच्या नशिबात असतं हे. पण वापीला, सहाव्या मजल्यावर, हे करणार काय दिवसभर?

१४, शनि.

मीच चढले गच्चीवर. गुडघ्यांनी जीव काढला. दिवेलागणीला कठडा धरून उभी. समोर चिकूच्या वाड्या, मागे डोंगराची रेघ. वारा ठार पडलेला, नारळाची झावळीसुद्धा हलत नव्हती. दिवे नाहीत. काही नाही.

"काल होते," हे म्हणाले. आणि कठड्यावर हात ठेवून: "उधव्याच्या रस्त्यावर पावसात एसटी चालवली मी. समोरचा दिवा ट्रकचा की सायकलचा, लांबून ओळखायचो. मागे पन्नास माणसं झोपलेली असायची. आता माझे डोळे मला खोटं सांगतायत होय?"

हात धरून खाली आणलं. खरं तर त्यांनीच मला आणलं.

१६, सोम.

आज काय लिहू आणि किती.

सकाळी जानी आली भाजी घेऊन. गंजाडजवळच्या पाड्यावरून पहिल्या गाडीने येते, दुपारी उशिरा परत जाते. आज घाईत. "काकी, पटकन घ्या. लवकर जायचंय. आमच्याकडे ते लाल दिवे येतात ना आभाळात, उजेडातच घर गाठायचं."

हातातली वांगी हातात राहिली. "कसले दिवे, जानी?"

"तीन आहेत. लाल. कोणी म्हणतं परग्रहावरचे, मोबाइलमध्ये दाखवतात तसे. पोरं म्हणतात चोरांचं ड्रोन. काठ्या घेऊन रस्त्यावर बसतात. परवा एक भंगारवाला अडवला, बिचारा रडायला लागला. शेवटी माझ्या सासऱ्याने सोडवला."

मी आत ओरडले, "अहो, बाहेर या आधी!" जानीला परत सगळं सांगायला लावलं. हे दाराच्या चौकटीला धरून ऐकत होते. मग स्वतः म्हणाले, "परत सांग." जानीने तिसऱ्यांदा सांगितलं, हसत हसत. तिला बळेच बसवून चहा दिला. तिला कळेना एवढं काय झालं. तिला काय सांगू, बाई, तू आज माझ्या घरात काय आणून टाकलंस.

हे जेवताना स्वतःहून बोलले. भाकरी मागून घेतली.

सं. – मंदारला फोन. ऐकून घेतलं सगळं. "मग ते आहे काय नक्की?" माहीत नाही म्हटलं. "तर माहीत करून घेऊ. पण डॉक्टरचा नंबर मी रद्द करत नाही, आई." बरोबर आहे त्याचं. पण त्या भंगारवाल्याचं डोक्यातून जात नाही. उद्या दुसरा कोणी सापडला तर?

१९ फेब्रु.

दुपारपासून समुद्राकडून सोसाट्याचा वारा. दोरीवरची साडी उडून पलीकडच्या पेरूवर. काढून आणेपर्यंत दिवेलागण, तेवढ्यात वरून हाक: "सुलभा! ये! ये लवकर!"

झटक्यानंतर एवढा मोठा आवाज पहिल्यांदा.

कशी चढले माहीत नाही. त्यांनी डाव्या हाताने दाखवलं. आणि दिसले. माझ्या चष्म्यातून अंधूकच, पण तीन. लाल. डोंगराच्या रेघेच्या वर, तिकोनात. उभे, पण अगदी उभे नाहीत, किंचित डुलत होते. भीती वाटायला हवी होती ना? मला रडू फुटलं.

"रडतेस काय? घ्यायला आलेत असं वाटलं का तुला?"

मग दोघं हसत सुटलो. शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं.

वारा मंदावला तसे दिवे एकीकडे कलले, खाली गेले. तिथं उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. शनिवारी वारा नव्हता, दिवेही नव्हते. ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, "म्हणजे इंजिन नाही त्याला."

२२, रवि.

मंदार गाडी घेऊन आला. हे पुढे बसले, रस्ता सांगत. "इथं खड्डा आहे, डावीकडून घे." खड्डा बुजवून रस्ता नवा झालाय, पण मंदारने गप्प डावीकडून घेतली. गुणी आहे माझा.

जानी फाट्यावर उभी होती, तिला मागे घेतलं. ऊन उतरलं तसा वारा सुटला. मोरीवर गाडी लावून थांबलो. जानीनेच आधी बघितलं. "तो बघा!" एका वाडीच्या झाडांतून काहीतरी काळं वर चढत होतं. पंख पसरलेलं, घारीएवढं… नाही, पुष्कळ मोठं. अजून उजेड होता म्हणून दिसलं. पोटाखाली तीन लाल ठिपके.

मंदार आधी हळू, मग मोठ्याने: "पतंग! बाबा, पतंग आहे तो!"

वाडीत शिरलो. चिकूच्या झाडांमधल्या मोकळ्या जागेत एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला मफलर, दोन्ही हातांत फिरकी. हसमुखभाई. आम्हाला बघून त्यांना वाटलं चिकू घ्यायला आलोय. "भाव सकाळी सांगीन भाभी, आता हात मोकळा नाय!"

वटवाघळं. एवढंच. पिकत आलेले चिकू संध्याकाळी येऊन फोडतात. जाळी घालून झाली, फटाके झाले. मग हसमुखभाईंनी काळ्या कापडाचा घारीच्या आकाराचा पतंग केला, काठ्यांवर ताणून. दिवाळीच्या माळेतले तीन दिवे आणि खेळण्यातला सेल पोटाला बांधला. "आमच्याकडे उत्तरायणला पतंगाच्या दोरीला कंदील लावून चढवतात, लहानपणी मी पण चढवला. तेच आठवला. वारा असेल तेव्हाच चालते. दोरा साधा हां, मांजा नाय, पाखरू कापते." वटवाघळं घाबरतात का विचारलं, तर मान हलवली. "अर्धी घाबरते. बाकीची खाते."

पाड्यावरच्या काठ्यांचं जानीने सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "अरे राम. माझ्या पतंगपायी माणूस मार खाल्ला असता?" लगेच उतरवायला निघाले. हे पुढे झाले, म्हणाले, "थांबा. दोन मिनिटं."

हसमुखभाईंनी फिरकी त्यांच्या काखेत दिली आणि दोरा हातात. उजव्या हाताने धरवेना. डाव्याने धरला, उजवा त्यावर ठेवला. वर तो पतंग ओढ घेत होता आणि हे खाली पाय रोवून उभे. मंदार झाडामागे जाऊन उगाच मोबाइल बघत होता. डोळे पुसत होता.

येताना गाडीत राहायला येण्याचं त्याने काढलं नाही.

२४, मंगळ.

जानी: हसमुखभाई काल भर उजेडात पतंग काखेत घेऊन पाड्यावर गेले, बरोबर चिकूचं क्रेट. सगळ्यांना दाखवलं, दिवे लावून, विझवून. आधी पोरं ओशाळली, मग त्यांनाच उडवायचा होता. काठ्या गेल्या. जानीचा सासरा म्हणाला म्हणे, देवाने वेळेत सांगितलं.

वेळेत. हो.

१ मार्च, रवि.

हे आता दिवसाआड हसमुखभाईंकडे. मंदारने एका रिक्षावाल्याशी ठरवून दिलंय. दोघं म्हातारे पतंगाला शेपूट लावायची की नाही यावर तावातावाने भांडतात, फोनवरसुद्धा. एक गुजरातीतून, एक मराठीतून. उजव्या हाताची बोटं थोडी वळायला लागलीत. दोरा गुंडाळून असेल, नाहीतर आपोआप. मला काय, वळतायत ना.

५ मार्च, गुरु.

वलसाड. डॉक्टर शांत, आवाज न चढवणारे. ह्यांनी दिव्यांची गोष्ट स्वतः सांगितली, पतंगापर्यंत. डॉक्टर मनापासून हसले. "हा भास नव्हता काका, तुमची नजर चांगली आहे." मी मनात हात जोडले.

मग महिना विचारला. आला नाही. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एक आला. मला बाहेर बोलावून म्हणाले, थोडं विसरणं आहे. वाढेल की इथंच थांबेल, आज सांगता येत नाही. गोळी बदलली. पावसाळ्याआधी पुन्हा यायचं.

परतताना रेल्वेत खिडकीशी दोघं. मधल्या स्टेशनांवर उतरणारी माणसं बघत. हे म्हणाले, "त्या पतंगवाल्याचं नाव काय गं?" सांगितलं. उंबरगाव गेल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. त्रास नाही वाटला. शेजारी बसून विचारतायत, हे काय थोडं आहे?

मग म्हणाले, "आणि तुझं?"

मी वळून बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. जरा वेळ तसाच गेला. मग हसले.

मीही हसले. चेष्टाच केली. चेष्टाच असणार.