बाबांचे ठेके

शंकर नगर, रायपूर

प्रिय बाबांना रुचिताचा सप्रेम जयभीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होते. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर मले रडू आलं असतं, म्हणून लिहून राहिली.

बॅटरीवर ढोलकी वाजवणारी आपली पेटी तयार झाली. लाइट गेली तरी तुमचं गाणं आता थांबणार नाही.

काल नवा रायपूरच्या प्रदर्शनात माझ्यासंग पेटी बनवणाऱ्या शिशिरनं ती मांडली. पाटीवर त्याच्या एकट्याचंच नाव होतं. लोकांना सांगत होता, पेटीतले ढोलकीचे ठेके त्याच्या आजोबांचे आहेत. तुम्ही त्याले आपल्या घरी ठेवून, शेजारी बसवून एकेक ठेका वाजवून दिला होता.

मी विचारलं, "असं काहून केलं, भैया?"

"लोगों को ऐसी कहानी अच्छी लगती है. दिल पे मत ले," म्हणाला, आणि पाहुण्यांकडं वळला.

मी पेटी उघडली, तुमचे ठेके भरलेलं कार्ड काढलं आणि निघून आली. कोणी अडवलं नाही.

आता तो तुम्हाले फोन करेल, ठेके पुन्हा मागेल. तुम्ही त्याले पोरगा म्हणता, लगेच ढोलकी काढाल. काढू नका, बाबा.

तुमचीच पोट्टी,
रुचिता