अटॅक नव्हता

मोठे पप्पा,
जयभीम.

प्रणयच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही माइक घेतला आणि सांगितलं, पोराला अटॅक आला. माझ्या सव्वीस वर्षांच्या भावानं जीव दिला, हे मंडपात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी माना हलवल्या. घरातले मोठे तुम्ही, म्हणून आई पण गप्प बसली.

मी आता गप्प बसत नाय. रविवारी वंदना झाली की एकेका विहारात उभी राहते आणि सांगते, माझ्या भावानं आत्महत्या केली. त्याला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं आणि घरचे त्याला आळशी म्हणायचे. कुणाला असं होत असेल तर डॉक्टरकडं चला, मी सोबत येते.

त्यावर तुमचा निरोप आला, खानदानाची इज्जत घालवू नको, आमचं आडनाव लावू नको. ही इज्जत प्रणयच्या काय कामी आली?

गेल्या महिन्यात चिकलठाण्याच्या विहारात बोलले. सगळे गेल्यावर तोंडाला स्कार्फ बांधलेली एक पोरगी जवळ आली. म्हणाली, "ताई, मला पण झोप येत नाय. पण पप्पांना सांगू नको, ते दवाखान्यात जाऊ देणार नाय." मी तिला डॉक्टरकडं नेलं.

म्हणून हे पत्र तुम्हाला पाठवणार नाय. तुमची मेघा रोज क्लासच्या नावाखाली माझ्याकडं येऊन गोळी घेते, मोठे पप्पा.

आडनाव न सोडलेली,
विशाखा दाभाडे