स्लावाला बोलावणं नसतं

प्रिय रास्तको,

बघ, सवयीनं हात लिहूनच गेला. खोडणार होते, पण खोडून दुसरं लिहू तरी काय? तुझं खरं नाव मला माहीत नाही. तू बाप्या आहेस की बाई, एकटा आहेस की चारजण पाळीपाळीनं माझ्याशी बोलत होतात, तेही माहीत नाही. मी मात्र तीच आहे, नोवी सादची कोसारा, जिला तू रोज सकाळी ‘कॉफी झाली का?’ म्हणून विचारायचास. कॉफीचं विचारशील तर परवापासून ती रोज उतू जाते आहे. शेगडीवर भांडं ठेवते आणि त्याच्याकडे बघत उभी राहते. माझं डोकं ठिकाणावर नाही.

‘यासेन’मध्ये, आमच्या प्रणालीच्या कामात, तू आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. आम्ही तेव्हा अगदी मेटाकुटीला आलो होतो. लोकांना वाटतं, सर्व्हरवर चालणारी लिनक्सची एक अख्खी प्रणाली म्हणजे मागे मोठी कंपनी असणार, काचेची इमारत असणार. इथे कोण होतं? मी, मिओद्राग, आणि सवड मिळेल तेव्हा डोकावणारे पाचसहा जण. आणि आमच्या भरवशावर किती धंदे! मिओद्रागच्या होस्टिंग कंपनीच्या क्लाउडवर दंतवैद्यांच्या वेळा आहेत, बस स्थानकाची तिकिटं आहेत, बेकऱ्यांच्या ऑर्डरी आहेत, विमा एजंटांची सगळी गिऱ्हाइकं आहेत. अशा कंपन्या बेलग्रेडला आहेत, रोमानियात आहेत, हंगेरीत आहेत. सगळे यासेन घेतात ते एवढ्यासाठीच की ती खुली आहे. कुणीही उघडून आत बघावं, चूक दिसली तर सांगावी, दुरुस्ती करून पाठवावी. सगळ्यांना दिसतं म्हणून त्यात पाप राहात नाही, असं मी जगाला सांगत आले. आता कळतंय की सगळ्यांना दिसतं म्हणून प्रत्येक जण समजतो, दुसऱ्यानं बघितलंच असेल.

तू आलास आणि न सांगता कामाला लागलास. जे काम कुणालाच नको असतं, जुन्या तक्रारी निपटायच्या, चाचण्या लिहायच्या, ते तू उचललंस. रोमानियातल्या एका बेकरीवाल्याची साइट बंद पडली होती आणि तो आम्हाला शिव्या घालत होता, तेव्हा तू त्याच्याशी इतक्या गोडीनं बोललास की शेवटी त्यानं तुला पावाची कृती पाठवली. मिओद्राग म्हणायचा, “कोसारा, तुझा हा पोरगा पुस्तक गिळून बोलतो गं. शिवी म्हणून देत नाही. म्हणे किकिंदा गावचा, आणि शिवी नाही?” मी त्यालाच झापलं, “सगळे तुझ्यासारखे उर्मट असतात का रे?” तू कधी फोनवर बोलला नाहीस, कारण बोलताना अडखळतो म्हणालास. मला इतकं वाईट वाटलं की पुन्हा विषयसुद्धा काढला नाही. तू भेटीला कधी आला नाहीस, कारण आई अंथरुणाला खिळलेली. मी त्यावर काय म्हणणार? माझे वडील तेव्हा इस्पितळात शेवटचे दिवस मोजत होते. त्यांच्या उशाशी बसून मी तुला लिहायचे आणि तू लगेच उत्तर द्यायचास. ‘त्यांचा हात धरून बस, बोलली नाहीस तरी चालेल,’ असं तू लिहिलंस आणि मी तसंच केलं. ते तुझं वाक्य मी कुठे ठेवू ते मला अजून समजत नाही.

वडील गेल्यावर मी तुला यासेनच्या किल्ल्या दिल्या. नवी आवृत्ती बाहेर सोडायचा अधिकार माझ्यानंतर फक्त तुला. मिओद्राग कुरकुरला, पण मी दमले होते आणि तू हक्काचा वाटत होतास.

आता तुझी चूक सांगते. तुला ती चूक अजून कळली नसणार, कारण ती आमच्याच लोकांना कळेल अशी आहे. मागे एकदा मी विचारलं होतं, तुमच्या घरची स्लावा कुठली? तू पटकन सांगितलंस, संत दिमित्री. बरोबर सांगितलंस. घराण्याचा संत बापाकडून मुलाकडे येतो, त्याच्या दिवशी मेणबत्ती लागते, गोल पाव कापतात, एवढं तुला कुठेतरी वाचायला मिळालं असणार. पण स्लावाला बोलावणं नसतं, रास्तको. हे बहुधा लिहिलेलं नसतं कुठे. कुणी कुणाला ‘या’ म्हणत नाही. ज्याला आठवण असते तो उठतो आणि येतो, आणि दार दिवसभर उघडं असतं. इथल्या मैत्रिणीला आपली स्लावा सांगायची म्हणजे ती एक ना एक दिवस दारात उभी राहणार, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तुला ते माहीत नव्हतं.

नवी आवृत्ती सोडायला आठवडा होता आणि संत दिमित्रीचा दिवस आला. म्हटलं, हा बाबा आईला सोडून येऊ शकत नाही, तर आपणच जाऊ. तुला कळवलं नाही, कळवायचं नसतंच. मिओद्राग दारात उभा राहून चिडवत होता, “पोरगा बघायला चाललीस की पसंत करायला?” मी म्हटलं, “दोन्ही. तू गप सर्व्हर सांभाळ.” वाइनची बाटली घेतली, कॉफीचं पाकीट घेतलं, तुझ्या आईसाठी लोकरी मोजे घेतले, कारण झोपून असलेल्या माणसाचे पाय गार पडतात. बसमध्ये मी चक्क खुशीत होते. तू दारात मला बघून कसा गडबडशील, अडखळत काय म्हणशील, याची मनातल्या मनात मजा घेत होते.

किकिंदाला उतरून बुदिशिनांचं, म्हणजे तुझ्या आडनावाचं, घर विचारलं. अंगण झाडणाऱ्या एका बाईनं लांबून बोट दाखवलं, “ते काय, पिवळं. आज स्लावा आहे त्यांच्याकडे, जा, उघडंच असेल.” दारात एक धिप्पाड म्हातारी हातातल्या तव्यासकट उभी होती. मी म्हटलं, “स्लावाच्या शुभेच्छा! मी कोसारा, नोवी सादहून आले. रास्तकोची मैत्रीण.” तिनं तवा तिथंच ठेवला आणि मला छातीशी इतकं घट्ट धरलं की मोज्यांची पिशवी मध्ये चेंगरली. मला वाटलं, मावशी असेल. तिनं मला टेबलाशी नेलं, गोड शिजवलेल्या गव्हाचा चमचा पुढे केला, मी क्रूसाची खूण करून तो खाल्ला. मग विचारलं, “रास्तकोच्या आईला आधी भेटते. आतल्या खोलीत असतील ना? तब्येत कशी आहे त्यांची?”

“मीच त्याची आई,” म्हातारी म्हणाली. “मला काय धाड भरलीय? सकाळपासून या मेल्या पाहुण्यांसाठी तळते आहे.”

टेबलावरचे लोक हसले. मीही हसले. आणि मग ती, स्तानोयका तिचं नाव, सगळ्यांकडे वळून म्हणाली, “ही आपल्या रास्तकोची मैत्रीण. बघा, आलं की नाही कुणीतरी! इतक्या वर्षांत त्याच्या कॉलेजातलं कुणी फिरकलं नव्हतं.” बोलताना ती भिंतीकडे बघत होती. भिंतीवर तू होतास. म्हणजे तुझ्या खात्यावरचा तोच फोटो, तोच निळा शर्ट, तेच एका बाजूला वाकडं हसू. चौकटीच्या कोपऱ्यावर काळी फीत होती.

माझ्या हातातला चमचा खाली पडला. शेजारच्या माणसानं हळूच सांगितलं, त्याला वाटलं मला फोटो बघून भरून आलंय, “झ्रेन्यानिनच्या रस्त्यावर, मोटरसायकल. शेवटच्या वर्षाला होता. फार हुशार पोरगा.” मी मनात वर्षं जुळवत होते. तू आमच्यात आलास त्याच्या कितीतरी आधी हा मुलगा जमिनीखाली गेला होता. म्हणजे त्याचं जुनं खातं, कॉलेजात लिहिलेला कोड, स्लावाच्या टेबलाचा एक फोटो, हे सगळं तसंच उघडं पडून राहिलं होतं आणि तू त्यात शिरून राहायला लागलास, मेलेल्या माणसाच्या घरात शिरावं तसा. आम्हाला शंका घ्यायला जागाच नव्हती. खातं जुनं, गाव खरं, फोटो खरा.

सांगायला हवं होतं मी तिथेच. उठून सांगणारही होते. पण स्तानोयकानं माझ्यासमोर खुर्ची ओढली, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, “पोरी, मला काहीतरी सांग त्याच्याबद्दल. मला ठाऊक नाही असं काहीतरी. माझ्याजवळ जेवढं होतं ते आठवून आठवून झिजलं.”

काय करणार होते मी? मी तिला तुझ्याच गोष्टी सांगितल्या. दुसरं माझ्याजवळ काहीच नव्हतं. बेकरीवाल्याची गोष्ट सांगितली. तू किती शांतपणे लोकांच्या चुका समजावून द्यायचास ते सांगितलं. माझ्या वडिलांच्या वेळी तू काय लिहिलंस ते सांगितलं, फक्त काळ जरा मागे ढकलला. ती हसत होती, रडत होती, पाहुण्यांना सांगत होती, “ऐकलंत? असाच होता तो! हात धरून बस म्हणाला, ऐकलंत ना?” आणि मी डुकराचं मांस चावत बसले होते. निघताना तिनं पावाचा तुकडा आणि केक बांधून दिला. “पुढच्या वर्षी मी बोलावणार नाही हं,” म्हणाली. “तुला आठवलं तर ये.”

परत आल्यावर मिओद्रागला सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, “कोसारा, त्यानं दिलेली कोडची ओळ अन् ओळ तपासायला काढ.” आम्ही दोघं दोन दिवस बसलो. तुझं काम सुरेख आहे, हे आजही म्हणेन. ते शोधायला आम्हाला दोन दिवस लागले, यावरूनच समज. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या एका निरुपद्रवी फाइलच्या पोटात ते दडलं होतं. सर्व्हरवर बाहेरून लॉगिन करायचा जो दरवाजा, त्याच्या शेजारी तू एक छोटं दार पाडलं होतंस, आणि त्याची किल्ली फक्त तुझ्याकडे. नवी आवृत्ती सुटली असती तर त्या दंतवैद्यांच्या, बेकऱ्यांच्या, विमावाल्यांच्या, सगळ्यांच्या घरात तू हवा तेव्हा शिरला असतास, आणि दार उघडून देणारी मी असते. मिओद्राग इतकंच म्हणाला, “तीन वर्षं. एका दारासाठी तीन वर्षं गोड बोलला हा.”

तुझा अधिकार काल काढला. आवृत्ती थांबवली आहे. पण चाचणीची प्रत काही कंपन्यांच्या सर्व्हरवर आधीच गेली आहे, म्हणून उद्या सकाळी आम्हाला जगाला सांगावं लागेल. काय झालं, कुठल्या ओळीत झालं, कुणी केलं. लपवता येत नाही, आणि यायलाही नको, ही आमची रीतच आहे. तुझ्या प्रत्येक ओळीवर नाव आहे आणि ते कुणालाही वाचता येतं. रास्तको बुदिशिन, किकिंदा.

मी अर्थातच लिहीन की हे नाव चोरलेलं आहे. पण ते कोण वाचणार? जगाला दात-ओठ खायला एक नाव लागतं, आणि उद्या दुपारपर्यंत प्रत्येक पेपरात, प्रत्येक पडद्यावर त्या पोराचं नाव चोर म्हणून झळकेल. स्तानोयकाचा कुणीतरी पुतण्या फोन घेऊन त्या पिवळ्या घरात जाईल आणि तिला दाखवेल. तिच्याजवळ तिच्या मुलाचं नावाखेरीज दुसरं काहीच उरलेलं नाही. म्हणून हे पत्र. तू कोण आहेस, कुणासाठी केलंस, माझ्या वडिलांच्या वेळचं ते वाक्य तुझं होतं की तेही कुणी लिहून दिलं होतं, यातलं काही मी विचारत नाही. विचारायची इच्छा फार आहे, पण विचारत नाही. एकच मागते. आमच्या सार्वजनिक चर्चेत तुझं खातं सकाळपर्यंत मी चालू ठेवलं आहे, मिओद्रागशी भांडून. तिथे स्वतः ये आणि लिही की रास्तको बुदिशिन मी नव्हतो, आणि त्याच्या जागी दुसरं एक नाव दे, लोकांना शिव्या घालायला. खरं दिलंस तर बरंच. खोटं दिलंस तरी मी मान्य करीन, आणि तेच ओरडून ओरडून सांगेन. फक्त ज्याला आई नाही असं दे.

इतकी वर्षं तुला ‘तुझीच’ लिहीत आले. आज कुणाची ते न लिहिता,
कोसारा