माळावर आणलेला कुकर

प्रिय सुधीर,

आत्ता तुलाच लिहिते आहे, कारण दुसरं कुणी ऐकायला नाही. तुझी लेक ईरा खालच्या तळ्यावर पाणी आणायला गेली आणि तिच्या पाठोपाठ ढग खाली उतरला. टेंटच्या दाराशी ठेवलेले माझे बूट तेवढे दिसतात, त्यापुढे सगळं पांढरं. फोनला सिग्नल नाही. मला भीती वाटतेय रे! हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून शब्दकोड्यांच्या पुस्तकाचं मागचं कोरं पान घेतलंय.

तूच लावलीस ना तिला ही सवय? उन्हाळा आला की एडिनबराहून गाडी काढायची, रस्ता संपेल तिथे ती सोडायची आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन माळावर चढायचं. कॅम्पसाइट नाही, शॉवर नाही, शेजारपाजार नाही. "स्कॉटलंडात असा मोकळ्या रानात टेंट लावता येतो गं, निघताना जागा होती तशी ठेवायची की झालं," असं सांगायचास, जसा काही कायदा तूच केलास. मी म्हणायचे, लावता येतो म्हणून बिनकडीच्या घरात झोपायचं का? तू नुसता हसायचास. आत्ता हसू नकोस!

आणि गेलास कुठे? ऑफिसात, हीटिंग चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या. इतकी वर्षं मी डोंगरांना घाबरत राहिले आणि डोंगरांनी तुला ओरखडासुद्धा काढला नाही. तेव्हापासून माझा कशावरच भरवसा राहिलेला नाही. ईराला दुकानातून यायला उशीर झाला तरी मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

ती तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "आई, बाबाचा जागा मला बघायचाय. मी एकटी जाते." एकोणीस वर्षांची पोर, एकटी! म्हणून मी आले. तू 'एकदा तरी चल' म्हणून मागे लागायचास तेव्हा हलले नाही, आणि आता बघ.

सामान भरताना आमचं वाजलंच. "आई, कुकर? सीरियसली? लोक वजन कमी करायला टूथब्रशचा दांडा कापतात!" म्हटलं, कापू देत. पाकिटात गरम पाणी ओतून तयार होतं त्याला मी जेवण म्हणत नाही. माझा छोटा कुकर, मूगडाळ, तांदूळ, तुपाची डबी, सगळं घेतलं. चढताना तिनेच तो आपल्या सॅकमध्ये टाकला, वर तोंडाने बडबड चालूच.

अजून आली नाही.

घसा बसेपर्यंत हाका मारल्या. इथे आवाज दोन पावलंही जात नाही. शोधायला जाऊ का? जाताना बजावून गेलीय, "ढग आला तर टेंट सोडू नको. प्रॉमिस?" नियम तुझाच असणार. पण तळ्याच्या या अंगाला दलदल आहे, सकाळी माझा पाय घोट्यापर्यंत आत गेला होता. ती नीट बघून चालत असेल ना? सुधीर, तिच्यावर लक्ष ठेव. एवढं तरी कर!

तुझ्या जुन्या सॅकच्या पट्ट्याला एक शिट्टी होती ना? अडीनडीला वाजवायची ती? ती सॅक मी तुझ्या शर्टांबरोबर चॅरिटी शॉपला देऊन टाकली. कपाट उघडलं की ती दिसायची, मला बघवेना.

शिट्टी...

थांब. कुकर लावते.

लावला. डाळतांदूळ टाकले आणि उरलेल्यातलं निम्मं पाणी. स्टोव्ह टेंटच्या बाहेर दगडाआड ठेवलाय. मी शेजारी बसलेय, पान भिजतंय.

झाली! केवढी मोठी वाटली इथे! आपल्या फ्लॅटमध्ये सुद्धा वरच्या बाई दचकायच्या. आठवतं? मी 'तीन झाल्या की बंद कर' सांगून आंघोळीला जायचे आणि तू पेपरात डोकं घालून बसायचास. मग बाथरूमच्या दारावर टकटक. "मेधा, किती शिट्ट्या झाल्या गं?" अरे, स्वयंपाकघरात तू होतास ना! किती चिडायचे मी.

आणखी एक झाली. तिकडून काही नाही.

आता करपल्याचा वास येतोय. गॅस बंद केला, वाफ जायची वाट बघतेय, तोवर झाकण उघडता येत नाही. हे मधलं गप्प असणं सोसत नाही. आता बाटलीत जे आहे तेच शेवटचं प्यायचं पाणी. ते ओतलं आणि पोर आली नाही, तर? आणि नाही ओतलं, तर?

ओतते.

सुधीर, आली! आली रे!

पुन्हा शिट्ट्या सुरू झाल्या आणि बऱ्याच वेळाने त्या पांढऱ्यातून, मला वाटत होतं त्याच्या अगदी उलट्या बाजूने, आवाज आला. "आई! किती शिट्टी झाला?"

ती दिसली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात, दोन्ही बाटल्या भरलेल्या. धुक्यात तळ्याला वळसा घालून भलतीकडेच चढत होती म्हणे. "मग कुकर ऐकला. मला वाटलं, मी वेडी झाला." आधी दोन धपाटे घातले, मग पोटाशी धरलं. दोघी तिथेच ओल्यात बसून रडलो. बाबाच हाक मारतोय असं वाटलं, म्हणाली.

खिचडी चांगलीच करपली. वरची आम्ही खाल्ली. खालची खरवड तिने चमच्याने खरवडून एका झाकणात ठेवली, कारण ती तुझी असायची. ढग अजून हललेला नाही. अख्खी रात्र जायचीय, आणि खोटं कशाला सांगू, वाऱ्याने कापड फडफडलं तरी मी तिचा हात धरते. ती धरू देतेय.

तुला वचन देते. तिला घरात कोंडणार नाही. जीभ चावून धरेन, पण तिला जाऊ देईन, आणि नेईल तेव्हा तिच्याबरोबर येईन. भीती माझ्याबरोबर येणारच, तिला काही मी घरी ठेवू शकत नाही. कुकर मात्र यापुढे माझ्या पाठीवर. निघताना खरवड उचलून नेऊ, जागा होती तशी ठेवू. आणि आज किती शिट्ट्या झाल्या ते विचारू नकोस. पहिल्यांदाच मला मोजता आल्या नाहीत.

तुझीच,
मेधा